फुटक्या बशांचे राऊळ

पॅरिसच्या नैर्ऋत्येला सुमारे 90 किलोमीटरवर शार्त्र नावाचे गाव आहे. जगभरची माणसे तिथे जातात ती कॅथेड्रल पाहायला. बाराव्या-तेराव्या शतकातल्या रंगीत काचांमधून उतरणारा निळा उजेड आणि फरशीवरचा गोल चक्रव्यूह यांची कीर्ती मोठी आहे. याच गावात, सँ-शेरोंच्या दफनभूमीजवळ, र्यू द्यु रपो या गल्लीत एका सफाई कामगाराचे बैठे घर आहे. रेमों इझिदोर नावाच्या या माणसाने 1938 ते 1962 या काळात आपले घर, अंगण आणि बाग फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवली. भिंती मढवल्या, चूल मढवली, पलंगाची चौकट मढवली, बायकोचे शिवणयंत्रही मढवले. या घराला 'मेझों पिकासियेत' म्हणतात. घरच्या घरी केलेल्या मोझेकचे मला माहीत असलेले हे सर्वांत मोठे आणि सर्वांत मनस्वी उदाहरण आहे. म्हणून एखादी कविता ओळीओळीने वाचावी तसे ते वाचून पाहायचे आहे.

मोझेकचे नेहमीचे तत्त्व साधे आहे. लहान लहान तुकडे जोडून मोठे चित्र करायचे आणि चित्र उभे राहिले की तुकडा विसरायचा. इटलीतल्या राव्हेन्ना गावी, सहाव्या शतकातल्या सान व्हिताले चर्चमध्ये सम्राट जस्टिनियन आपल्या लवाजम्यासह भिंतीवर उभा आहे. त्याच्या झग्यातला एकेक चौकोन कोणी निरखत बसत नाही. तो चौकोन रंगीत काचेच्या वडीतून त्या चित्रासाठीच तोडलेला असतो. त्याला आधीचे आयुष्य नसते, म्हणून तो निमूटपणे सम्राटाच्या झग्यात विरघळतो. इझिदोरच्या भिंतीवरचा तुकडा असा विरघळत नाही. कुणाच्या तरी जेवणाच्या ताटलीची निळी कड, कुणाच्या बशीच्या मध्यावरचे गुलाबाचे फूल, एखाद्या वाडग्याचा हिरवट काठ असे सगळे आपापल्या खुणा मिरवत बसलेले आहे. गोधडीत आजीच्या लुगड्याचा काठ आणि आजोबांच्या सदऱ्याची रेघ ओळखू येते आणि तरीही गोधडी एक असते, तशीच ही भिंत आहे. दुरून पाहावे तर फुलांचा ताटवा दिसतो, जवळ जावे तर शे-दोनशे घरांची फुटलेली भांडी दिसतात. ही दोन्ही चित्रे एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतात. या घराचे सगळे सौंदर्य, आणि माझ्या मते त्याचे मोठेपणही, या दुहेरी दिसण्यात आहे.

हे घर वाचायचे तर ते करणाऱ्याची थोडी ओळख हवी. इझिदोरचा जन्म 1900 साली शार्त्रमध्येच झाला. घरची गरिबी होती. त्याने ओतकामाच्या कारखान्यात काम केले, ट्रामच्या कंपनीत केले, रस्तेदुरुस्तीचे मजूर म्हणून केले आणि 1949 पासून तो दफनभूमीत झाडलोट करू लागला. 1924 साली त्याने आद्रियेन नावाच्या विधवेशी लग्न केले. ती त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी होती आणि तिला तीन मुले होती. गावाच्या कडेला जमिनीचा लहानसा तुकडा घेऊन त्याने स्वतःच्या हातांनी घर बांधले. त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतले नव्हते. घराची कीर्ती पसरण्याआधी गावाने त्याची टिंगल केली. दुसऱ्याच्या ताटावर जगणाऱ्या फुकट्या माणसाला फ्रेंचमध्ये लावतात ते विशेषण आणि पिकासोचे नाव यांची मोट बांधून लोक त्याला 'पिकासियेत' म्हणू लागले. आज तेच टोपणनाव घराच्या नावात आदराने घेतले जाते.

सुरुवात कशी झाली ते त्याने स्वतः सांगून ठेवले आहे. रानातून चालताना त्याला काचेचे आणि चिनीमातीचे तुकडे दिसले. त्यांचा रंग आणि चमक आवडली म्हणून त्याने ते उचलले. पुढे काय करायचे याचा तेव्हा काही विचार नव्हता. चांगले तुकडे ठेवायचे, वाईट टाकून द्यायचे, असे करत बागेच्या कोपऱ्यात ढीग साठला आणि मग त्या ढिगातून घर सजवायची कल्पना निघाली. हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. मोझेकचा कारागीर सहसा आधी कागदावर पूर्ण आकाराचे रेखाटन करतो, कुठे कोणता रंग लागेल ते ठरवतो आणि मग सामान आणवतो. इथे सामान आधी आले आणि चित्र नंतर सुचले. त्यामुळे या भिंतींवर एखादी कल्पना सामानावर लादल्यासारखी वाटत नाही. निळी कड हाती आली म्हणून निळी रेघ पुढे सरकली, फुलाचा तुकडा हाती आला म्हणून तिथे फूल उमलले, अशी एक मोकळी चाल सगळ्या घरभर जाणवते. कवीला आधी शब्द सापडावा आणि मग त्या शब्दाने ओळ मागावी, असा हा प्रकार आहे.

आता घरात शिरू. खोल्या लहान आहेत, छत बुटके आहे. अशा जागेत एखादाच नक्षीदार कोपरा करून थांबणे सोपे होते. इझिदोर थांबत नाही. भिंतीवरची नक्षी टेबलावर उतरते, टेबलावरून खुर्चीवर जाते, पलंगाच्या चौकटीवर चढते, रेडिओला वेढते, फुलदाणीला कवेत घेते. स्वयंपाकाची चूल फुलांनी इतकी लगडली आहे की तिच्यात विस्तव पेटत असेल यावर क्षणभर विश्वास बसत नाही. भिंतींवर जिथे तुकडे नाहीत तिथे त्याने रंगांनी चित्रे काढली आहेत. त्यात मों-सँ-मिशेलसारखी ठिकाणे आहेत, दूरदूरचे देखावे आहेत. म्हणजे घरात बसल्या बसल्या त्याने भिंतींना खिडक्या पाडल्या. पण माझी नजर खिळून राहते ती शिवणयंत्रावर. घरातल्या स्त्रीच्या रोजच्या वापराची, तेल मागणारी, खडखडणारी ही वस्तू. तिच्या लोखंडी अंगावर त्याने चिनीमातीच्या कपच्या बसवल्या. ज्या यंत्राचे कामच कापडाचे तुकडे जोडणे आहे, ते यंत्र स्वतः तुकड्यांनी जोडलेले झाले. हे त्याने ठरवून केले का, हा प्रश्न इथे गौण आहे. शोभेच्या वस्तू आणि कामाच्या वस्तू असा भेद हे घर मानत नाही, हे त्या एका वस्तूतून पूर्णपणे कळते. श्रीमंत घरात कला दिवाणखान्यात टांगतात. इथे ती चुलीजवळ, उशाशी, शिलाईच्या पायपट्टीजवळ राहते. आणि या घरात माणसे राहत होती, जेवत होती, झोपत होती, हे विसरता कामा नये. मोझेक करताना संसार बाजूला सारलेला नाही. संसाराच्या अंगावरच ते घडले आहे.

आता हाताच्या कामाकडे वळू, कारण रसिकाने कारागिरीकडे पाहिले नाही तर अर्धा आनंद हुकतो. जुन्या बायझंटाइन कारागिरांना एक गोष्ट नेमकी कळली होती. सगळे तुकडे एका पातळीत सपाट बसवले तर भिंत आरशासारखी एकाच जागी चमकते आणि इतरत्र मुकी राहते. म्हणून ते सोनेरी तुकडे किंचित तिरपे बसवत. मग दिव्याच्या उजेडात, आपण चालू तशी भिंत जागोजाग लुकलुकत राही. राव्हेन्नातल्याच गाला प्लासिदियाच्या पाचव्या शतकातल्या समाधिवास्तूत निळ्या छतावर सोनेरी तारे आहेत. ते जिवंत वाटतात याचे एक कारण हा तिरपेपणा. इझिदोर हे कुठे शिकला असण्याची शक्यता नाही. त्याच्या सामानातच ते आयते होते. ताटली सपाट नसते. तिची कड वर उचललेली असते, वाडग्याचे पोट फुगीर असते, कपाची भिंत वळलेली असते. अशा भांड्याचा प्रत्येक तुकडा स्वतःचा बाक घेऊन भिंतीवर येतो आणि त्याच्यावरची काचेसारखी झिलई प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दिशेने उजेड परतवते. ढगाळ दिवशीही भिंत मंद हलल्यासारखी वाटते ती यामुळे. कारखान्यातून आलेल्या एकसारख्या चौकोनी टाइल्स वापरल्या असत्या तर हे कधीच साधले नसते.

दुसरी गोष्ट त्याच्या फुलांची. बशीचा तळ म्हणजे मुळातच एक गोल. कुंभाराच्या चाकावर किंवा साच्यात घडलेला तो आकार फुटल्यावरही आपला मध्य विसरत नाही. असा गोल तुकडा मध्ये आणि त्याच्याभोवती निमुळत्या कपच्या पाकळ्यांसारख्या फिरवल्या की फूल तयार होते. या घरात असे गोल पुन्हा पुन्हा येतात, आणि प्रत्येक गोलाची पाकळी वेगळी, कारण फुटण्याची रेघ दोनदा सारखी येत नाही. तुकड्यांमधले सांधेही पाहावेत. अरुंद, वाकड्यातिकड्या, राखी रंगाच्या सिमेंटच्या त्या रेघा साऱ्या रंगांना एका धाग्यात ठेवतात. संगीतात सुरांमधला विराम जसा मोजावा लागतो तसा मोझेकमध्ये सांधा मोजावा लागतो. तो फार रुंद झाला तर तुकडे पोरके दिसतात, फार अरुंद झाला तर त्यांची गर्दी होते. इझिदोरचे मोजमाप फूटपट्टीचे नाही, पण डोळा पक्का आहे.

आता घराच्या बाहेर, आणि घराच्या खऱ्या विषयाकडे. शार्त्रच्या माणसाला कॅथेड्रलपासून सुटका नाही. ते गावाच्या डोक्यावर उभे आहे आणि भोवतालच्या सपाट गव्हाच्या शेतांतून कोसांवरून दिसते. 1194 च्या भीषण आगीतून पश्चिमेकडच्या तीन खिडक्या वाचल्या आणि इमारतीचा बहुतेक भाग पुढच्या काही दशकांत नव्याने उभा राहिला. तिथल्या काचांमधला निळा रंग कलेच्या इतिहासात त्या गावाच्या नावाने ओळखला जातो. इझिदोर याच निळ्याच्या सावलीत वाढला. त्याने घराला लागून एक लहान प्रार्थनामंदिर बांधले आणि तिथे निळ्याला राज्य दिले. कॅथेड्रल त्याच्या घरात इतरत्रही येते. कधी ते भिंतीवर चित्र होते, कधी उठावात उभे राहते. मोठ्या वर्तुळाकार खिडक्यांमधली पाकळ्यांची रचना त्याच्या बशांच्या फुलांत उतरलेली दिसते.

इथे दोन कलांचे नाते मनात घोळते. रंगीत काचेची खिडकी हीसुद्धा तुकड्यांचीच कला आहे. रंगीत काच कापून, शिशाच्या पट्ट्यांनी जोडून ती करतात. फरक उजेडाच्या वाटेचा आहे. खिडकीत उजेड काचेतून आरपार येतो, म्हणून तो वरून, दुसऱ्या जगातून आल्यासारखा भासतो. चिनीमाती अपारदर्शक आहे. उजेड तिच्यावर पडतो आणि पाहणाऱ्याकडे परत येतो. कॅथेड्रलमध्ये मान वर करून उजेड घ्यावा लागतो, इझिदोरच्या मंदिरात तो समोरासमोर, डोळ्यांच्या पातळीवर भेटतो. कॅथेड्रलमागे धर्मपीठ, राजे, दाते आणि कारागिरांच्या पिढ्या होत्या. इथे एक मजूर आहे आणि लोकांनी टाकून दिलेली भांडी आहेत. तरीही हे घर कॅथेड्रलशी स्पर्धा करत नाही. गावातल्या मोठ्या देवळातला देव घरच्या देव्हाऱ्यात आणून बसवावा, त्या भावाने त्याने तो निळा रंग घरी आणला आहे. ही भक्तीची रीत मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

मंदिरानंतर काळे अंगण येते. इतका वेळ रंगांनी न्हालेला डोळा इथे एकदम थबकतो. काळ्या, करड्या तुकड्यांनी मढवलेल्या या भागात त्याच्या नोकरीची जागा, म्हणजे दफनभूमी, शिरलेली आहे. दिवसभर थडग्यांमधून झाडू मारणारा माणूस घरी येऊन काळ्या रंगात काम करतो तेव्हा तो मृत्यूला घाबरवणारे रूप देत नाही. काळ्यावरही तीच झिलई आहे, तीच चमक आहे. पुढे बाग लागते. तिथे जेरुसलेमचे दर्शन घडवणारी भिंत आहे, सिंहासन आहे आणि 'आत्म्याची समाधी' म्हणून त्याने घडवलेली रचना आहे. घर, मंदिर, काळे अंगण, पवित्र नगरी, समाधी असा हा प्रवास. आधी चूल आणि पलंग, मग प्रार्थना, मग मरणाची ओळख, आणि त्यापलीकडे जिथे पोचायचे ती नगरी. सगळा आराखडा त्याने पहिल्या दिवशी आखला नव्हता. तो वर्षानुवर्षे पुढे पुढे काम करत गेला आणि त्याच्या आयुष्याचा क्रम जागेच्या क्रमात उतरला. वास्तूला आत्मचरित्राचा घाट असू शकतो, हे मला या घराने दाखवले.

प्रेमाने वाचतानाही काही गोष्टी नोंदवायला हव्यात. इझिदोरची माणसे त्याच्या फुलांइतकी साधत नाहीत. चेहरे ताठ आहेत, हातापायांची प्रमाणे चुकतात, डोळ्यांत भाव कमी आहे. टणक, बाकदार तुकड्यांतून गालाची गोलाई काढायला जे शिक्षण लागते ते त्याच्याकडे नव्हते. रिकामी जागा ठेवणे तर त्याच्या स्वभावातच नाही. प्रत्येक इंच भरायचाच या ओढीने काही भिंतींवर डोळ्याला टेकायला जागा उरत नाही, आणि एखादे सुंदर फूल शेजारच्या दहा फुलांत हरवते. पण जिथे तो चेहऱ्यांच्या मागे न लागता तुकड्यांच्या मूळ नक्षीवर भर देतो, फूल, पान, फुलपाखरू, वर्तुळ, वेल यांत रमतो, तिथे त्याची बरोबरी करणे प्रशिक्षित कलावंतालाही अवघड जाईल. बार्सिलोनाच्या पार्क ग्युएलमध्ये गाउदी आणि त्याचा सहकारी जुजोल यांनी फुटक्या टाइल्सचा नागमोडी बाक केला. त्या बाकात वास्तुविशारदाची योजना आहे, अमूर्त रंगखेळ आहे. इझिदोरच्या भिंतीत योजना कमी आणि जिव्हाळा जास्त आहे. दोन्ही आपापल्या जागी थोर आहेत, पण राहत्या घराची ऊब बाकाला येत नाही.

भारतात या घराचे नातलग आहेत. चंदिगढचे नेक चंद सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. इझिदोरप्रमाणेच त्यांचाही संबंध रस्त्यांशी आला आणि त्यांनीही टाकाऊ कपबशा, बांगड्या, न्हाणीघरातल्या फुटक्या वस्तू यांतून जग उभे केले. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गुपचूप सुरू केलेली रॉक गार्डन 1976 मध्ये लोकांसाठी खुली झाली. दुसरे नाव पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांचे. अहमदाबादेत 1980 च्या सुमारास त्यांनी बांधलेल्या 'संगाथ' या कार्यालयाच्या अर्धगोल छपरांवर पांढऱ्या चिनीमातीच्या कपच्या आहेत. त्या ऊन परतवतात आणि आतली जागा थंड ठेवतात. त्या छपरामागची विद्या आपल्या गवंड्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून त्यावर पांढऱ्या टाइल्सच्या कपच्या बसवलेल्या असतात. पाणी थांबवायचे आणि ऊन परतवायचे हा त्यांचा हेतू. म्हणजे फुटक्या टाइलचा उपयोग आपल्याला माहीत आहे, तिचे सौंदर्य मात्र आपण गच्चीवरच ठेवून दिले.

ते खाली, घरात आणू पाहणारे आज पुष्कळ आहेत. कुंडी, आरशाची चौकट, चहाचा ट्रे, दारावरची नावाची पाटी यांवर मोझेक करणाऱ्यांना इझिदोरच्या घरातून थेट शिकता येईल असे खूप काही आहे. बाजारातून एकसारख्या रंगीत चौकोनांची पाकिटे आणण्याआधी घरातल्या तडा गेलेल्या बशा, कान तुटलेले कप, उरलेल्या टाइल्स साठवाव्यात. ते रंगांप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत ठेवले की डबेच नक्षी सुचवू लागतात. तुकडे करताना बशी जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडावी, बारीक आकार टाइल तोडायच्या पकडीने द्यावा आणि डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे हवेतच, कारण झिलईची धार काचेसारखी कापते. कपाच्या वळलेल्या तुकड्याला सपाट लाकडापेक्षा कुंडीचे गोल पोट मानवते. सुरुवात करणाऱ्याने म्हणूनच कुंडी घ्यावी. तुकडे चिकटवून पूर्ण वाळू द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सिमेंटने किंवा तयार ग्राउटने सांधे भरावेत. सांधा दोन-तीन मिलिमीटरचा ठेवला की नजरेला सुख वाटते. ग्राउट किंचित आवळू लागला की ओल्या स्पंजने पुसावा. फार उशीर केला तर झिलईवर बसलेला थर निघता निघत नाही. जी वस्तू उघड्यावर ठेवायची तिला सच्छिद्र मातीची, खालच्या प्रतीची भांडी वापरू नयेत. त्यांच्या कडांतून पाणी आत शिरते. थंड देशात ते गोठून झिलई उडवते, आपल्याकडे पावसाळ्यात तुकडे काळवंडतात आणि सुटतात. ही झाली हाताची शिस्त. मनाची शिस्त इझिदोरकडून घ्यावी. तुकड्याची मूळ खूण पुसू नये. फूल असलेला तुकडा फुलाच्या मधोमध तोडून चौकोन काढण्यापेक्षा ते फूल जिथे पूर्ण दिसेल अशी जागा त्याच्यासाठी शोधावी.

इझिदोरने 1962 मध्ये काम संपवले. लागलेल्या तुकड्यांचे वजन पंधरा टनांच्या घरात असावे, असा अंदाज सांगितला जातो. हयातीतच त्याच्याकडे पाहुणे येऊ लागले होते, आणि रोबेर द्वानोसारख्या नामवंत छायाचित्रकाराने त्याची व त्याच्या घराची छायाचित्रे घेतली. पण काम संपल्यावर तो फार जगला नाही. 7 सप्टेंबर 1964 रोजी, चौसष्टावा वाढदिवस एका दिवसावर असताना तो गेला. 1981 मध्ये शार्त्र नगरपालिकेने घर विकत घेतले आणि 1983 मध्ये त्याला फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत स्थान मिळाले. आता ते संग्रहालय आहे, थंडीच्या महिन्यांत बंद असते.

सम्राटांच्या आणि चर्चच्या भिंतींवर मोझेकने हजार-दीड हजार वर्षे जो मान मिळवला, तो मान एका मजुराच्या स्वयंपाकघरालाही शोभतो, हे या घराने सिद्ध केले. साहित्य कमी पडले म्हणून, शिक्षण नव्हते म्हणून, जागा अपुरी होती म्हणून कला अडली, असे हे घर पाहिल्यावर म्हणता येत नाही. विसाव्या शतकातल्या मोझेककलेचा विचार करताना गाउदीच्या उद्यानाबरोबर या घराचे नावही तितक्याच आदराने घेतले गेले पाहिजे.